हळदीचे पेटंट आणि मावशींचा पाला



गेल्या महिन्यात खंडाळ्याजवळच्या एका कातकरी वस्तीवर गेलो असता पायात बाभळीचा काटा मोडला. एका मावशींनी काटा काढला, कसलासा पाला हातावर चोळून रस पिळला आणि वर चिंधी बांधली. पाल्याचे नाव विचारले तर त्या हसल्या. "नाव सांगितलं की टेंपो येतो, दादा. मग झाड राहत न्हाई." त्या वाक्यावरून हा पाठ लिहीत आहे.

सांगलीच्या हळदीचा आपल्याला केवढा अभिमान! 2018 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. जखमेवर हळद दाबावी, हे आपल्या घरात कोणाला शिकवावे लागत नाही. तरीही मार्च 1995 मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला नेमके याच उपयोगाचे पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला हरकत घेतली. 32 संदर्भ पुढे ठेवले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते, 1953 मधला एका वैद्यकीय नियतकालिकातला लेखही होता. 1997 मध्ये पेटंट फेटाळले गेले.

पण ही लढाई कागदाने जिंकली. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात परदेशातला नुसता वापर पुरावा ठरत नसे. छापील आधार लागे. 'आमची आजी लावायची' एवढ्यावर भागले नसते. मावशींचे ज्ञान तर सगळे आजीकडूनच आलेले.

मग ते लिहून काढावे का? मला आधी तसेच वाटले. जैविक विविधता कायदा, 2002 प्रमाणे गावपातळीवर समिती असते आणि तिने लोकांना विचारून जैवविविधतेची नोंदवही करायची असते. मात्र लिहिलेले कोणीही वाचू शकतो, टेंपोवालासुद्धा. म्हणून त्याच कायद्याने समितीला आणखी एक अधिकार दिला: व्यापारासाठी आपल्या हद्दीतून माल नेणाऱ्याकडून शुल्क घेण्याचा. ज्ञानाच्या व्यापारी वापरातून मिळणाऱ्या लाभात वाटा देण्याची तरतूदही त्यात आहे. (बियाण्यांचा कायदा वेगळा, 2001 चा. शेतकऱ्याने बी राखावे, पेरावे, बदलून द्यावे, विकावेही. फक्त ब्रँडच्या नावाने विकू नये.)

परवा मावशींना हे सगळे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "त्या समितीत आमच्या वस्तीचं कोण हाय?"

मला उत्तर देता आले नाही. पुढच्या ग्रामसभेला आम्ही दोघे हाच प्रश्न घेऊन जाणार आहोत. पाल्याचे नाव मी अजून विचारलेले नाही.