ॲपमध्ये नाव दिसतं, पण ग्राहक तोच आहे का?



मागच्या व्हिडिओत आपण ॲपशीटमध्ये ऑर्डरचं ॲप बनवलं. आज त्यात दुसऱ्या गूगल शीटमधली ग्राहकांची माहिती दाखवायची आहे. काम अर्ध्या तासाचं आहे, पण आधी माझी चूक ऐका.

आमच्या एकलहऱ्यात औष्णिक वीज केंद्राची कॉलनी आहे. दुकानातली उधारीची वही क्वार्टर नंबरवर चालायची. ॲप बनवताना मीही क्वार्टर नंबरच ग्राहकाची ओळख म्हणून टाकला. एका साहेबांची बदली झाली, त्या क्वार्टरमध्ये नवीन कुटुंब आलं. मी यादीत जुनं नाव खोडून नवीन नाव लिहिलं. झालं! जुनी सगळी उधारी नव्या नावावर दिसायला लागली. त्या ताई पहिल्यांदा सामान घ्यायला आल्या आणि काउंटरवरचा पोरगा चारचौघांत म्हणाला, "ताई, मागचे १,८५० बाकी आहेत." त्या परत कधी दुकानात आल्या नाहीत.

ॲप बरोबर चाललं होतं. ओळख चुकीची दिली होती ती मी.

आता पद्धत बघा

१. ग्राहकांच्या शीटमध्ये पहिला कॉलम 'ग्राहक क्रमांक' ठेवा. ए-१०१, ए-१०२ असा. एकदा दिलेला क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही. क्वार्टर बदलतं, मोबाईल बदलतो, हा बदलत नाही. कुणी गाव सोडलं तर ओळ खोडू नका, पुढे 'बदली' लिहा.

२. ॲपशीटच्या डेटा विभागात ही शीट नवीन टेबल म्हणून जोडा. वेगळ्या फाइलमध्ये असली तरी चालते. ग्राहक क्रमांकाला 'की' करा आणि नावाला 'लेबल', म्हणजे स्क्रीनवर ए-१०१ ऐवजी नाव दिसेल. टेबल रीड-ओन्ली ठेवा, म्हणजे काउंटरवरून यादी बिघडणार नाही.

३. ऑर्डर टेबलमधल्या 'ग्राहक' कॉलमचा प्रकार 'रेफ' करा आणि त्याला ग्राहकांचं टेबल दाखवा.

४. मोबाईल दाखवायला व्हर्च्युअल कॉलम घ्या, सूत्र लिहा: [ग्राहक].[मोबाईल]. प्रकार 'फोन' ठेवला की तिथूनच कॉल लागतो.

कोणती माहिती ताजी, कोणती गोठवलेली?

इथेच बरेच जण गोंधळतात. व्हर्च्युअल कॉलम दर वेळी यादीतली आजची माहिती दाखवतो. मोबाईलसाठी हेच हवं. पण पत्त्याचं तसं नाही. मार्चमध्ये माल कुठे पोचवला, हे जूनमध्ये पत्ता बदलला तरी तसंच दिसलं पाहिजे, नाहीतर वाद झाल्यावर तुमच्याकडे पुरावा काय? म्हणून पत्त्यासाठी ऑर्डरच्या शीटमध्ये खरा कॉलम करा आणि त्याच्या 'इनिशियल व्हॅल्यू'मध्ये [ग्राहक].[पत्ता] लिहा. ऑर्डर सेव्ह झाली की तो पत्ता त्या ऑर्डरपुरता पक्का. मालाचा भावही असाच गोठवायचा.

सगळंच दाखवू नका

डिलिव्हरीच्या पोराला नाव, मोबाईल, पत्ता पुरे. जन्मतारीख त्याला कशाला? आणि लक्षात ठेवा, कॉलम नुसता लपवला तरी माहिती त्या फोनपर्यंत जातेच. नको असलेली माहिती वेगळ्या शीटमध्ये ठेवा आणि ती शीट ॲपला जोडूच नका. आपल्याकडे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आहे. ग्राहकाने ज्या कामासाठी माहिती दिली, त्याच कामासाठी वापरायची, ही सवय आत्तापासून लावा.

आजचा गृहपाठ

एका ग्राहकाची जुनी ऑर्डर उघडून ठेवा. यादीत त्याचा मोबाईल आणि पत्ता दोन्ही बदला, ॲप सिंक करा. जुन्या ऑर्डरमध्ये मोबाईल नवीन आणि पत्ता जुनाच दिसला, तर तुमचं ॲप बरोबर बसलं. पत्ताही बदलला असेल, तर तो कॉलम व्हर्च्युअल राहिलाय, वरची पायरी परत करा. तपासून झालं की यादी पूर्ववत करायला विसरू नका.

पुढच्या व्हिडिओत याच ॲपमध्ये उधारीची बाकी काढायला शिकू. तोपर्यंत क्रमांक देऊन ठेवा!