दोन बाणांची परीक्षा

धनुर्विद्येची परीक्षा म्हटली, की झाडावरील पक्ष्याचा केवळ डोळाच पाहणारा अर्जुन आठवतो. त्या प्रसंगी इतर शिष्यांनी बाण सोडण्यापूर्वीच द्रोणाचार्यांनी त्यांना बाजूस सारले. कारण त्यांचे चित्त एकाग्र नव्हते. नेमाच्या आधी मनाची पारख करण्याची हीच दृष्टी जपानमधील ‘क्यूदो’ या विद्येतही आढळते. क्यूदो म्हणजे धनुष्याचा मार्ग.

क्यूदोचे धनुष्य सुमारे सव्वादोन मीटर लांब, म्हणजे धनुर्धराहूनही उंच असते. ते मधोमध न धरता बरेच खाली धरतात. नवशिक्यास आरंभी अगदी जवळ ठेवलेल्या पेंढ्याच्या भाऱ्यावर बाण मारावे लागतात. हात व खांदे वळणावर आले, म्हणजे मग तो २८ मीटर अंतरावरील, ३६ सेंटिमीटर व्यासाच्या लक्ष्यासमोर उभा राहतो.

१९४९ मध्ये स्थापन झालेला अखिल जपान क्यूदो संघ या विद्येच्या श्रेणी ठरवितो. ‘दान’ नावाच्या श्रेणींपैकी पहिली म्हणजे ‘शोदान’. तिच्या परीक्षेत प्रत्येकास दोनच बाण मिळतात.

एखादा मुलगा या परीक्षेस उभा आहे, अशी कल्पना करावी. अंगात पांढरा अंगरखा, कमरेला गडद रंगाचा घोळदार ‘हाकामा’. परीक्षक शांतपणे पाहत आहेत. मुलगा लवून वंदन करतो, पाय रोवतो, देह सावरतो, धनुष्य वर उचलतो आणि प्रत्यंचा कानामागे जाईपर्यंत ताणतो. क्षणभर स्थिर राहून तो बाण सोडतो. अरेरे! बाण लक्ष्याच्या बाजूला वाळूच्या बांधात रुततो.

त्याची छाती धडधडू लागते. इतक्यात शेजारच्या मुलाचा बाण लक्ष्य भेदल्याचा आवाज कानी येतो. आता मनाचा तोल गेला, तर सारेच बिघडणार! पण तो श्वास सावरतो आणि प्रत्येक क्रिया पूर्वीच्याच निगुतीने पुन्हा करतो. दुसरा बाणही पहिल्याच्या शेजारीच वाळूत रुततो. तरीही तो धनुष्य झटकन खाली घेत नाही. दृष्टी लक्ष्यावर ठेवून तसाच उभा राहतो. बाण सुटल्यानंतरच्या या सावध स्थिरतेला ‘झानशिन’ म्हणतात.

मग तो अनुत्तीर्ण झाला काय? तसे मुळीच नाही. शोदानचे परीक्षक शरीराची ठेवण आणि वागण्यातील शिस्त पाहतात. बाण भलतीकडे विखुरले नाहीत ना, हेही पाहतात. वेध साधण्यात काहीशी निश्चिती असावी, ही अपेक्षा तिसऱ्या श्रेणीपासून सुरू होते. उलट, नेम लागताच हर्षाने उड्या मारणे येथे अशिष्ट मानले जाते.

सुटलेला बाण परत आणता येत नाही. परंतु पुढचा बाण कसा सोडावा, हे सर्वस्वी धनुर्धराच्या हाती असते.

स्वाध्याय
१. ‘झानशिन’ म्हणजे काय?
२. पहिला बाण चुकल्यावर मुलाने काय केले? त्यावरून त्याचा कोणता गुण दिसतो?
३. द्रोणाचार्यांची परीक्षा व क्यूदोची परीक्षा यांतील साम्य सांगा.