डॉक्टर येईपर्यंतचा अर्धा तास

फर्स्ट इयरला होस्टेल मिळालं नाही, म्हणून मी कसबा पेठेत कॉटबेसिसवर राहायचो. तांबट आळीजवळचा जुना वाडा, अंधारा लाकडी जिना, वर एका खोलीत चार कॉट. सकाळी तांब्यावर पडणाऱ्या हातोड्यांनीच जाग यायची, गजर लावावा लागत नसे. ओरल्सच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. आमच्यातला एकजण दोन दिवस धड जेवला नव्हता, झोपलाही नव्हता. रात्री दीडच्या सुमारास तो रडायला लागला आणि म्हणाला, "मला आता जगायचंच नाहीये."

मग आम्ही तिघांनी जे केलं ते सांगायची लाज वाटते. एकाने त्याला झापलं, "आईबाबांचा विचार कर जरा!" दुसऱ्याने फोन करून आणखी सहाजणांना बोलावलं. मी ज्ञान पाजळलं की वायडी लागला म्हणून कुणाचं आयुष्य संपत नाही. पंधरा मिनिटांत खोलीत दहा माणसं आणि समोरच्या वाड्याच्या खिडक्यांमधून दिवे! तो आणखीच आक्रसून बसला. शेवटी खालच्या काकू वर आल्या. "तुम्ही सगळे बाहेर व्हा बघू," म्हणाल्या आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसल्या. "बाळा, जेवलास का रे?" एवढंच विचारलं. पुढे कितीतरी वेळ त्या गप्पच होत्या. पहाटे चारला त्याने वरणभात खाल्ला. सकाळी काकू आणि मी त्याला रिक्षाने डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

काकूंनी त्या रात्री जे केलं, ते काही ठिकाणी लोक रीतसर शिकून, पगार घेऊन करतात, हे मला नंतर वाचनात आलं. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या युजीन शहरात 1989 साली 'काहूट्स' नावाची सेवा सुरू झाली. फोन आला की एक व्हॅन निघायची. आत दोघंजण: एक नर्स किंवा अँब्युलन्समधला प्रशिक्षित माणूस, आणि दुसरा क्रायसिस वर्कर. हा दुसरा डॉक्टर नसायचा. अनुभवी जोडीबरोबर फिरून तो काम शिकायचा. अंगावर गणवेश नाही, कमरेला पिस्तूल नाही. संस्थेच्याच आकड्यांप्रमाणे 2019 मध्ये सुमारे 24,000 कॉल्सपैकी साधारण 150 वेळाच त्यांना पोलिसांची मदत मागावी लागली. पैशांच्या अडचणींमुळे एप्रिल 2025 मध्ये युजीनमधली ही व्हॅन बंद पडली. पण तोवर इतर शहरांनी ती कल्पना उचलली होती. डेन्व्हरमध्ये 2020 पासून अशीच सेवा आहे.

या माणसाचं काम नेमकं काय? निदान करणं नाही, औषध देणं नाही, उपदेश तर नाहीच नाही. त्याचं पहिलं काम म्हणजे वेग कमी करणं. गर्दी हटवायची, टीव्ही बंद करायचा, आणि बोलायचं एकानेच. उभं राहून खाली बघत बोलायचं नाही, बसायचं. आपलं नाव सांगायचं, समोरच्याला काय नावाने हाक मारू ते विचारायचं. त्याला कुणी मारायला येतंय असं वाटत असेल, तर "असं काही नाहीये" म्हणून वाद घालायचा नाही, "हो, मलाही दिसतायत" असं खोटंही बोलायचं नाही. "तुला भीती वाटतेय, मी इथेच आहे," हे मात्र खरं असतं, तेच म्हणायचं. पाणी द्यायचं, खायला विचारायचं. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये मानसिक प्रथमोपचाराची एक पुस्तिका काढली. तिचं सगळं सार तीन क्रियापदांत आहे: पाहा, ऐका, जोडा. शेवटचं सगळ्यात अवघड, कारण जोडायला पलीकडे कुणीतरी असावं लागतं.

एक प्रश्न विचारायला आपण सगळे घाबरतो. "तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतोय का?" असं सरळ विचारलं तर आपणच ते डोक्यात भरवू, असं वाटतं. आजवरच्या अभ्यासांत असा परिणाम आढळलेला नाही. उलट माणसाला बोलायला वाट मिळते. उत्तर "हो" आलं, तर त्याला एकटं सोडायचं नाही, धोक्याच्या वस्तू हळूच बाजूला करायच्या, आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन कधीही द्यायचं नाही. आणि त्याने काही घेतलं असेल, जखम असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर बोलत बसायची ती वेळच नव्हे. ताबडतोब 108.

आपल्याकडे असं काही आहे का? व्हॅन नाही, पण माणसं आहेत. पुण्यातल्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राने 2013 ते 2015 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या 41 गावांत 'आत्मीयता' हा प्रयोग केला. गावातल्याच साध्या लोकांना शिकवलं. ते घरी जाऊन ऐकून घ्यायचे, गरज पडली तर डॉक्टरांपर्यंत पोचवायचे, आणि सरकारी योजनेचा लाभ मिळवायलाही मदत करायचे. हे शेवटचं मला फार पटलं. दुःखाच्या मुळाशी कित्येकदा न भरलेली फी असते, आणि तिथे समुपदेशनापेक्षा क्लार्ककडे बरोबर जाणारा मित्र जास्त उपयोगी पडतो. हा प्रयोग पुढे गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात गेला. पुण्यातच 'कनेक्टिंग' या संस्थेची हेल्पलाइन स्वयंसेवक चालवतात. ते सल्ला देत नाहीत, ऐकतात. सरकारची 'टेलिमानस' 14416 ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून आहे, चोवीस तास, मराठीतही.

व्हॅन उद्या आली, तरी कसबा पेठेत तिचं काय होईल? आमच्या बोळात रिक्षा वळत नाही, आणि गणपतीच्या दिवसांत तर चालणंही मुश्किल. सायरन वाजवत आली तर अख्खी आळी गॅलरीत. त्या पोराला दुसऱ्या दिवशी त्याच आळीत दूध आणायला जायचंय, हे कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्या मते इथली टीम पायीच असायला हवी, चौकात गाडी ठेवून दोघांनी चालत जायचं.

आम्हाला त्या रात्री पोलीस केसची भीती होती. ती बऱ्याच अंशी अज्ञानातून होती. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 115 नुसार, आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरलं जातं, आणि तिला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी ठरते. 1 जुलै 2024 पासून जुनं 309 कलमही गेलं. पोलिसांना असा माणूस रस्त्यावर सापडला, तर कलम 100 प्रमाणे 24 तासांच्या आत त्याला सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं असतं, लॉकअपमध्ये ठेवता येत नाही.

आता होस्टेलचं. रात्री दीडला आपल्या मजल्यावर क्लिनिकल असं कुणी नसतं. असतो तो रूममेट, फार तर वॉचमनकाका. काकांशी या विषयावर बोललो, तर म्हणाले, "आम्हाला पाणी गळतं तेव्हा कुणाला फोन करायचा ते माहितीये, याचं कुणी सांगितलंच नाही." म्हणून रेक्टर सरांना विचारून गेटजवळच्या टेबलावर एक कागद चिकटवलाय. त्यावर 14416, 108, 112, आणि दर मजल्यावरच्या दोघा-दोघांचे रूम नंबर. तिसऱ्या मजल्यावर अजून एकाची जागा रिकामी आहे. रात्री झोप सावध असलेल्या कुणीतरी नाव द्यावं.