पंप व इंजिनाची नाडी कानानें पाहणें

गाडीचा आंस कुरकुरूं लागला कीं त्यास वंगण हवें, हें आपल्या वाडवडिलांस कोणी शिकवावें लागत नसे. मोटेचें चाक कसें वाजतें यावरून ओसरीवर बसलेला म्हातारा मोट भरून येते कीं अर्धी, हें सांगत असे. आतां मोट गेली व तिच्या जागीं विजेचा पंप किंवा तेलाचें इंजिन आलें. परंतु मोटेबरोबर कान देऊन ऐकण्याची संवयही गेली, ही गोष्ट हिताची नाहीं. माणसाचें दुखणें हत्तीच्या पावलानें येतें असें म्हणतात; यंत्राचें दुखणें बहुधा मुंगीच्या पावलानें येतें, आणि येतांना आवाज करितें.

हा धडा आम्हांस आमच्याच विहिरीवर मिळाला. एका चैत्रांत पंपाचा सूर बदलल्याचें आमच्या गड्यानें दोनदां सांगितलें. 'पाणी तर येत आहे ना,' असें म्हणून आम्हीं दुर्लक्ष केलें. आठव्या दिवशीं बेअरिंग फुटलें, आंतील फिरता भाग घासला व मोटार जळली. ती भरून परत येईपर्यंत नऊ दिवस गेले आणि ऐन उन्हांत उसाची पाळी चुकली. बेअरिंगची किंमत ती काय! नुकसान झालें तें उसाचें. तेव्हांपासून आम्ही जी रीत पाळीत आलों आहों, ती येथें देत आहों.

साधनें.— खर्च नाममात्र आहे. दोन-अडीच फूट लांबीची लोखंडी सळई घ्यावी व तिच्या एका टोंकास लांकडाचा गुळगुळीत ठोकळा बसवावा. सळईचें टोंक यंत्राच्या स्थिर अंगास टेकवावें व ठोकळा कानाच्या छिद्रापुढील उंचवट्यावर दाबावा. लांकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हरही चालतो. दुसरें साधन म्हणजे दोन हात लांबीची रबरी नळी. तिचें एक टोंक कानाशीं धरावें व दुसरें सांध्यांभोंवतीं फिरवावें. सळई यंत्राच्या अंगांतील कंप कानापर्यंत आणते. नळी हवेंतील फुसफुस आणते. फ्रेंच वैद्य रेने लेनेक यानें १८१६ सालीं कागदाची गुंडाळी रोग्याच्या छातीस लावून हृदयाचे ठोके ऐकिले व पुढें लांकडाची नळी केली, त्यांतीलच हें तत्त्व आहे.

निरोगी आवाज प्रथम ओळखावा.— ज्यास निरोगी नाडी ठाऊक नाहीं त्यास रोगी नाडी कळणार नाहीं. यास्तव पंप नवा असतां किंवा नुकताच दुरुस्त होऊन आला असतां मोटारीचीं दोन्ही बेअरिंगें, पंपाचें बेअरिंग, पंपाचें पोट व सक्शनचा पाइप या जागीं रंगाचे ठिपके द्यावे आणि तेथील आवाज लक्षपूर्वक ऐकावा. पुढें दर पंधरवड्यास त्याच ठिपक्यांवर सळई टेकवावी. वहींत तारीख, अँपिअरचा आंकडा व आवाजाविषयीं दोन शब्द लिहावे.

मोटार व पंप.— चांगलें बेअरिंग एकसारखें व मऊ घुमतें. कोरडी शीळ ऐकूं आल्यास ग्रीस कमी पडलें असें समजावें. मात्र तें माफक भरावें, कारण अति ग्रीसनेंही बेअरिंग तापतें. जात्यांत वाळू दळावी तशी घरघर किंवा ठराविक अंतरानें टकटक येऊं लागली तर ग्रीसनें काम होणार नाहीं; बेअरिंगच बदलावें. आवाज सर्व अंगांत पसरतो, म्हणून दोन्ही टोंकांची तुलना करावी. जेथें तो सर्वांत मोठा तेथें दोष.

आवाज विजेचा कीं यांत्रिक, ही शंका असल्यास मोटार बंद करावी. वीज तुटतांच आवाज गेला तर दोष विजेचा. फिरत्या वेगाबरोबर हळूहळू मंदावला तर यांत्रिक. तीन फेजची मोटार सुरू न होतां नुसती घुमूं लागली तर बहुधा एक फेज गेलेली असते. अशी मोटार थोड्या वेळांतच जळते, म्हणून ती तत्काळ बंद करावी.

पंपाच्या पोटांत खडी फिरल्यासारखा खडखडाट झाला, तर पुष्कळदां आंत खडा नसून पाणी अपुरें येत असतें. पंप कितीही चांगला असला तरी हवेच्या दाबानें पाणी समुद्रसपाटीसही सुमारें १०.३ मीटरांहून वर चढत नाहीं आणि व्यवहारांत ६ ते ७ मीटर हीच मर्यादा धरावी. उन्हाळ्यांत विहिरीचें पाणी खालीं गेलें कीं हा आवाज सुरू होतो. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळून पाहावा. खडखडाट कमी झाल्यास निदान बरोबर आहे. मग जाळी साफ करावी किंवा पंप खालीं उतरवावा. अन्यथा पंख्यास खड्डे पडून तो निकामी होतो.

सक्शनची गळती.— ही गळती डोळ्यांस दिसत नाहीं, कारण येथें पाणी बाहेर न येतां हवा आंत जाते. पंप चालू असतां रबरी नळी प्रत्येक सांध्याभोंवतीं फिरवावी. फुसफुस ऐकूं येईल तेथें ओली चिकणमाती लिंपावी. आवाज थांबला तर चोर सांपडला. पंप बंद केल्यावर सक्शनच्या पाइपास सळई लावावी. आंत पाणी उतरत असल्याची झुळझुळ ऐकूं आल्यास फुटव्हॉल्व्ह नीट बसत नाहीं असें समजावें. कित्येक लोक शेणकाला ओतून वेळ मारून नेतात. परंतु व्हॉल्व्ह वर काढून त्याची झडप साफ करणें किंवा बदलणें हाच खरा उपाय होय.

जमिनींतील पाइप.— २० मीटर उंचीइतक्या दाबाखालीं ३ मिलिमीटर व्यासाच्या एका भोंकांतून तासास सुमारें ३०० लिटर पाणी जातें. पंप आठ तास चालला तर २,४०० लिटर पाणी पिकाऐवजीं बांधाखालीं मुरतें. अशी गळती शोधण्यास रात्रीची शांत वेळ उत्तम. पाइप दाबाखालीं ठेवून शेतांतील तोट्या बंद कराव्या आणि प्रत्येक उघड्या व्हॉल्व्हवर व तोटीवर क्रमानें सळई टेकवीत जावें. 'स्स्' असा अखंड आवाज ज्या दोन जागांवर अधिक, त्यांच्या दरम्यान गळती असते. लोखंडी पाइपांतून हा आवाज दूरवर जातो. प्लॅस्टिकचा पाइप तो गिळून टाकतो. म्हणून प्लॅस्टिकच्या पाइपाच्या रेषेवर थोड्याथोड्या अंतरावर सळई जमिनींत पाइपास टेकेपर्यंत हळूच खुपसून ऐकावें.

तेलाचें इंजिन.— इंजिन बंद असतां, इंधन तोडून, हँडलनें तें दाबाच्या टप्प्यावर सावकाश फिरवावें व दुसऱ्या माणसानें रबरी नळीनें ऐकावें. हवा घेण्याच्या तोंडाशीं फुसफुस आल्यास आंत घेणारा व्हॉल्व्ह गळतो. धुराड्याशीं आल्यास धूर सोडणारा. तेल भरण्याच्या तोंडाशीं आल्यास पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. एवढें सांगितल्यास मिस्त्रीचा अर्धा दिवस वांचतो, आणि नको तो भाग उघडला जात नाहीं.

सावधगिरी.— उपरणें, सैल बाही व मोकळें धोतर आवरून घ्यावें. पट्टा, कपलिंग व पंखा यांपासून सळई दूर ठेवावी. स्टार्टर, विजेच्या तारा व मोटारीचा जोडडबा यांस सळई कदापि लावूं नये. तेथील दोष वायरमनचा, आपल्या कानाचा नव्हे.

कान मिस्त्रीचें काम करीत नाहीं. मिस्त्रीस केव्हां व कोठें बोलवावें एवढेंच तो सांगतो. पण तेवढ्यानेंही ऐन पाळीच्या दिवशीं विहिरीवर हात बांधून बसण्याची वेळ टळते. गड्यानें 'आज सूर निराळा आहे' असें म्हटलें तर शेतकरी बंधूंनीं तें हंसण्यावारी नेऊं नये. सळई घेऊन उठावें.