चार सेलांचा हिशेब

एक साधा प्रयोग करून पाहा. नेहमीचा कॅल्क्युलेटर सुरू करून अंधाऱ्या खोलीत न्या. त्यावरील आकडे दिसेनासे होतील. मोबाइल फोनचा पडदा मात्र त्याच अंधारात झगझगीत दिसेल. फोनच्या पडद्याला प्रकाश स्वतः निर्माण करावा लागतो. कॅल्क्युलेटर खोलीतलाच प्रकाश उसना घेतो. या एका फरकाने एका प्रसिद्ध खेळण्याचे भवितव्य ठरविले.

जपानमधील क्योटो येथील निन्टेन्डो कंपनीत गुन्पेई योकोई नावाचे अभियंते होते. आगगाडीत वेळ घालविण्यासाठी कॅल्क्युलेटरची बटणे दाबत बसलेला प्रवासी पाहून त्यांना खिशात मावेल अशा खेळाची कल्पना सुचली, असे सांगतात. १९८० साली त्यांचे ‘गेम अँड वॉच’ बाजारात आले. त्याचा पडदा कॅल्क्युलेटरसारखाच होता आणि एका यंत्रात एकच खेळ असे. पुढे २१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये ‘गेम बॉय’ आला. त्यात कॅसेट बदलून वेगवेगळे खेळ खेळता येत.

गेम बॉयच्या पडद्यावर १६० × १४४, म्हणजे २३,०४० ठिपके होते. दोन काचांमध्ये द्रवस्फटिकाचा पातळ थर आणि बाहेरून ध्रुवक पट्ट्या, अशी या पडद्याची रचना असते. द्रवस्फटिकाचे रेणू प्रकाशाच्या ध्रुवणाची दिशा फिरवितात. त्यामुळे बाहेरचा प्रकाश आत शिरतो, मागील परावर्तकावर आपटून परत येतो आणि ठिपका उजळ दिसतो. विभवांतर लावले की रेणूंची मांडणी बदलते, प्रकाश अडतो आणि ठिपका काळसर होतो. येथे विजेचे काम प्रकाश निर्माण करण्याचे नसून केवळ त्याची वाट अडविण्याचे आहे. म्हणूनच ती फार थोडी लागते.

आता हिशेब करू. गेम बॉयमध्ये एए आकाराचे ४ सेल बसत. वापरताना सेलचे विभवांतर १.५ व्होल्टपासून उतरत जाते, सरासरी १.२ व्होल्ट धरू. अल्कलाइन सेलची क्षमता सुमारे २ अँपिअर-तास असते.

उपलब्ध ऊर्जा = ४ × १.२ × २ = ९.६ वॅट-तास

यंत्राच्या पाठीवर ०.७ वॅट ही शक्ती छापलेली असे. ९.६ ला ०.७ ने भागल्यास सुमारे १४ तास येतात.

अटारी कंपनीचा ‘लिंक्स’ १९८९ मध्येच आला आणि सेगा कंपनीचा ‘गेम गिअर’ १९९० मध्ये. दोघांचेही पडदे रंगीत आणि मागून दिव्याने उजळलेले! गेम बॉयवर मात्र हिरवट पार्श्वभूमीवर चारच छटा. वेगाने हलणारी चित्रे पुसट होत आणि अंधारात काहीच दिसत नसे. पण त्या दोन यंत्रांना ६ सेल लागत आणि ते चार-पाच तासांत संपत. सेल दीडपट, वेळ मात्र तिसरा हिस्सा! शिवाय मोठा प्रवाह घेतल्यास सेलमधून मिळणारी एकूण ऊर्जाही घटते, म्हणजे तोटा दुहेरी.

गेम बॉयची कमी किंमत आणि ‘टेट्रिस’सारखा खेळ ही त्याच्या यशाची आणखी कारणे होत. १९९८ चा ‘गेम बॉय कलर’ धरून अशी सुमारे ११ कोटी ८७ लाख यंत्रे विकली गेली. त्या रंगीत यंत्राच्या पडद्यामागेही दिवा नव्हता, आणि त्याला दोनच सेल पुरत.

जुने, मुरलेले आणि स्वस्त झालेले तंत्र घ्यावे व त्याचा नवा उपयोग शोधावा, असे योकोई मानत. १९९७ साली त्यांचे अपघाती निधन झाले. यंत्र आखताना त्यात काय घालायचे याइतकेच काय सोडायचे हेही ठरवावे लागते, हा त्यांच्या कामातून मिळणारा धडा आहे.

शेवटी तुमच्यासाठी एक उदाहरण : भिंतीवरील घड्याळात असाच २ अँपिअर-तासांचा एक सेल वर्षभर चालला, तर ते घड्याळ सरासरी किती विद्युतप्रवाह घेत असेल?