धंद्याचे जेवण आणि आपली वागणूक

तरुण संघासाठी अभ्यासपाठ
वाचन : नहेम्या ५:१४-१९; लूक १४:७-११



आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ तरुण-तरुणी आज कंपनीचे प्रतिनिधी, विमा एजंट, ठेकेदार किंवा लहान कारखानदार म्हणून काम करीत आहेत. एके दिवशी साहेब सांगतात, "उद्या त्या पार्टीला जेवायला घेऊन जा." बाजारात गिऱ्हाइकाला पार्टी म्हणतात, हे आपल्याला ठाऊकच आहे. पण हे जेवण ठरवावे कसे आणि तेथे वागावे कसे, हे सहसा कोणी शिकवीत नाही. म्हणून या पाठात त्याचा क्रमाने विचार करू.

१. पाहुण्याची चौकशी

आमंत्रण देतानाच सरळ विचारावे, "जेवणात काही पथ्य किंवा उपवास आहे का?" यात संकोच नको. इंदूर किंवा वडोदऱ्याचे जैन व्यापारी बहुधा कांदा, लसूण, बटाटा खात नाहीत. अनेकजण सूर्यास्तानंतर जेवतही नाहीत. त्यांच्यासाठी रात्रीपेक्षा दुपारचे जेवण बरे. हैदराबादेत रमजानच्या महिन्यात मुसलमान गिऱ्हाइकाला दुपारी जेवायला बोलावणे हे अज्ञानाचे लक्षण. शुक्रवारी दुपारी नमाजाची वेळही सोडावी. श्रावण पाळणारे पुष्कळ आहेत. पण इंदूर-ग्वाल्हेरच्या हिंदी भाषकांचा श्रावण आपल्या मराठी पंचांगापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो, हे ध्यानात असावे. गोव्यात अनेक दुकाने दुपारी बंद असतात व मालक विश्रांती घेतात. तेव्हा वेळ त्यांनाच विचारून ठरवावी.

२. जागा व वेळ

जागा पाहुण्याला सोयीची असावी. आदल्या दिवशी स्वतः जाऊन किंवा फोन करून टेबल राखून ठेवावे. गोंगाट फार आहे काय, शाकाहारी स्वयंपाक वेगळा होतो काय, हे पाहून घ्यावे. सेवाशुल्काची चौकशीही तेव्हाच करावी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे हॉटेलने ते आपोआप बिलात लावू नये, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या सूचना उचलून धरल्या. तथापि पाहुण्यासमोर त्यावरून वाद घालणे शोभत नाही. पाहुणी स्त्री असेल तर दिवसाची वेळ आणि चारचौघांतील मोकळे टेबल निवडावे.

यजमानाने दहा मिनिटे अगोदर पोहोचावे. पाहुण्याला चांगली जागा देऊन आपण दाराकडील किंवा वर्दळीच्या बाजूची घ्यावी. मेजवानीत मुख्य आसन पटकावणाऱ्यांविषयी प्रभूने लूकच्या चौदाव्या अध्यायात जे शिकविले, ते हॉटेलच्या टेबलालाही लागू आहे.

३. जेवताना

पाहुण्याने आधी सांगावे, आपण मागून. आपण फार महाग किंवा खाताना हात-तोंड भरेल असा पदार्थ मागवू नये. भोजनापूर्वीची प्रार्थना सोडण्याचे कारण नाही. पण इतरांना ताटकळत न ठेवता मान लववून मनात करावी. मोबाईल बंद करून खिशात ठेवावा.

बसल्या बसल्या दराची गोष्ट काढू नये. जेवण अर्धे झाल्यावर किंवा चहा आल्यावर कामाचे बोलावे, आणि थोडक्यात बोलावे. दुसऱ्या गिऱ्हाइकाला कोणता दर दिला हे सांगू नये. आज त्याचे गुपित येथे सांगणारा उद्या आपले गुपित तेथे सांगेल, हे समोरच्याला कळते. जे आपल्या हाती नाही त्याचे वचन देऊ नये. ठरलेले मुद्दे दुसऱ्या दिवशी आभारासह लिहून कळवावेत. वाढप्याशीही आदराने बोलावे. पाहुण्यासमोर गोड आणि वाढप्यावर गुरकावणे, यावरून आपली खरी पारख होते.

४. दारूचा प्रश्न

पुष्कळ तरुण विचारतात, "पेला नाकारला तर ऑर्डर जाईल काय?" शांतपणे एवढेच म्हणावे, "मी घेत नाही. आपल्यासाठी ताजे सरबत सांगू का?" कारणांची यादी देऊ नये, समोरच्याला उपदेशही करू नये. गुजरात राज्य १९६० साली झाले तेव्हापासून तेथे दारूबंदी आहे. त्यामुळे वडोदऱ्यात हा केवळ आवडीनिवडीचा नव्हे, कायद्याचाही प्रश्न आहे. आणि जी ऑर्डर केवळ पेल्यावर टिकते, ती दुसऱ्याचा पेला मोठा निघताच जाते.

५. बिल व हिशेब

बिल यजमानाने द्यावे, आणि ते टेबलावर चर्चा न होता द्यावे. त्याच दिवशी बिलाच्या मागे तारीख, पाहुण्याचे नाव व कामाचा विषय लिहून ठेवावा.

येथे खरी परीक्षा आहे. समजा, जेवण ८०० रुपयांचे झाले आणि हॉटेलवाला कोरे बिल पुढे करतो. सोबतचा सहकारी म्हणतो, "१२०० लिही, सगळेच लिहितात." आता नहेम्याकडे पाहा. बारा वर्षे तो यहूदाचा अधिपती होता. त्याच्या मेजावर दीडशे माणसे जेवत, शिवाय परराष्ट्रांतून आलेले पाहुणे असत. रोज एक बैल, सहा उत्तम मेंढरे व पक्षी शिजत. तरी अधिपतीला मिळणारा अन्नाचा भत्ता त्याने घेतला नाही, कारण लोकांवरील ओझे आधीच भारी होते. हक्काचा भत्ता घेऊ नये, असा याचा अर्थ नव्हे. कंपनी देते तो खर्च अवश्य घ्यावा. पण हे पैसे कोणाच्या खिशातून येतात, हा प्रश्न नहेम्याने विचारला. तो विचारणारा माणूस हक्काचेही जपून घेतो. मग ४०० रुपये खोटे लिहिणे त्याच्याने होईल काय?

६. आतिथ्य कोठे संपते?

गिऱ्हाईक सरकारी अधिकारी असेल तर अधिक सावध राहावे. केंद्र सरकारच्या १९६४ च्या आचरण नियमांतील तेरावा नियम प्रसंगोपात जेवणाला भेट मानीत नाही. परंतु ज्यांच्याशी सरकारी कामाचा संबंध आहे, अशांकडून उंची किंवा वारंवार पाहुणचार घेणे कर्मचाऱ्याने टाळावे, असे तो सांगतो. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली, आणि लाच देणाऱ्यालाही सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. म्हणजे साहेबाने पाकीट द्यायला सांगितले, तरी तुरुंगाची वाट पाकीट देणाऱ्या हातालाही आहे. असे सांगण्यात आले तर नकार लेखी द्यावा आणि घरच्यांना व वडीलधाऱ्यांना विश्वासात घ्यावे. नोकरी जाण्याची भीती खोटी नसते. म्हणूनच अशा तरुणाला मंडळीने एकटे सोडू नये.

एक सोपी कसोटी : हे जेवण, त्याचे बिल आणि तेथील बोलणे उद्या साहेबांसमोर, दुसऱ्या गिऱ्हाइकांसमोर आणि आपल्या आईसमोर जसेच्या तसे सांगता येईल काय? येत असेल, तर ते आतिथ्य आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात कोणत्या दिवशी, कोणाला जेवायला बोलावणे अयोग्य ठरेल?
२. हक्काचा भत्ता सोडताना नहेम्याने कोणाचा विचार केला? आपल्या खर्चाचा भार कोणावर पडतो?
३. खोटे बिल लिहिण्यास नकार दिल्याने कोणाची नोकरी गेली, तर आपली मंडळी त्याच्यासाठी प्रत्यक्ष काय करील?