अर्धवट चित्राला घरात जागा

भुसावळ

चि. भाचीस,


तुझं पत्र पोचलं. शिक्षण संपवून तू बुऱ्हाणपूरजवळच्या चांदनीला घरी आलीस, मागची पडवी आईने तुला चित्रांसाठी दिली, हे वाचून फार बरं वाटलं. इझल कोणतं घ्यावं, टेबल केवढं असावं, रंग कोणते आणावेत, अशी तुझी यादीही वाचली. त्या वस्तूंबद्दल पुढे लिहितोच. पण यादीत नसलेली एक गोष्ट आधी सांगतो, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. तुला अशी जागा हवी, जिथे अर्धवट चित्र हलवावं लागणार नाही. फळीवर चिकटवलेला कागद, रंग कालवलेली ताटली, शेजारी पडलेलं कच्चं रेखाटन, सगळं काल जसं सोडलंस तसंच आज सापडलं पाहिजे. मी शाळेत चित्रकला शिकवत आलो, आणि चांगला हात असलेली मुलं-मुली चित्र का सोडतात ते जवळून पाहिलं. हात कमी पडला म्हणून सोडणारे थोडे. बहुतेकांना रोज जेवणाच्या वेळी पसारा आवरावा लागायचा, आणि एके दिवशी तो परत मांडलाच गेला नाही. मुलींच्या बाबतीत हे अधिक घडलं, हेही लिहून ठेवतो.

म्हणून अख्खी पडवी नाही मिळाली तरी चालेल. अर्धीच घे, पण ती अर्धी पुरती तुझी असू दे. तिथे गव्हाच्या कोठ्या, पाहुण्यांच्या गाद्या, पापड-कुरडयांचं वाळवण येणार नाही, हे आईशी आत्ताच बोलून घे. माझी बहीण आहे, मी तिला ओळखतो. स्पष्ट विचारलं तर ती स्पष्ट उत्तर देते आणि दिलेला शब्द मोडत नाही. न बोलता गृहीत धरलंस तर उन्हाळ्यात तिथे कुरडया दिसतील आणि दोष कुणाचाच नसेल.

आता उजेड. पडवी उत्तरेला उघडते असं तू लिहिलंस, आणि पुस्तकांत उत्तरेचा उजेड उत्तम म्हणतात म्हणून खूश आहेस. ती पुस्तकं युरोपातली. तिकडे भर दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेलाच असतो, म्हणून उत्तरेच्या खिडकीतला उजेड बराच वेळ सारखा राहतो. चांदनी कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, साडेएकवीस अंशांच्या आसपास आहे. मे महिना संपता संपता सूर्य तुमच्या डोक्यावरून उत्तरेला सरकतो आणि जुलैच्या मध्यापर्यंत भर दुपारीही तो किंचित उत्तरेलाच असतो. दुपारचं ऊन छपराच्या वळचणीने अडेल, त्याची काळजी नको. त्रास होईल तो सकाळ-संध्याकाळी. उन्हाळ्यात सूर्य ईशान्येला उगवतो आणि वायव्येला मावळतो, त्यामुळे तिरपं ऊन थेट कागदावर येतं आणि कालवलेला रंग भलताच दिसायला लागतो. हिवाळ्यात मात्र हीच पडवी तुला दिवसभर मऊ, स्थिर उजेड देईल.

उपाय सोपा आहे. बुऱ्हाणपूर यंत्रमागांचं गाव. तिथून बिनरंगी पांढरं सुती कापड आण आणि दोन्ही टोकांना सरकते पडदे लाव. ऊन गाळून येतं आणि उजेड राहतो. रंगीत पडदा चुकूनही नको. भिंतही पाहा. आपल्याकडे घरं हौसेने हिरवी-निळी रंगवतात, पण हिरव्या भिंतीवरून आलेला उजेड कागदही हिरवट करतो आणि मग तू नकळत चित्रात तांबडा जास्त घालतेस. चुन्याचा साधा हात दे, किंवा फिकट राखाडी. तू उजव्या हाताने काढतेस, तर बैठक अशी ठेव की उजेड डावीकडून येईल आणि हाताची सावली रेषेवर पडणार नाही. रात्री काम करायचं असेल तर पिवळा बल्ब टाळ. एलईडी घेताना खोक्यावर सीआरआय हा आकडा पाहा, तो ९० च्या वर असेल तर रंग खरे दिसतात. दोन दिवे दोन बाजूंनी लावलेस तर सावल्या मवाळ होतात.

बैठकीविषयी माझं मत ठाम आहे. इझल आत्ता घेऊ नकोस. बुऱ्हाणपूरला अब्दुल रहीम खानखानान वर्षानुवर्षं राहिला. दोहे लिहिणारा तोच रहीम. त्याच्या पदरी ग्रंथालय आणि चित्रकार होते. रामायणाची सचित्र फारसी पोथी त्याने करून घेतली, ती आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे. त्या काळचे चित्रकार जमिनीवर बसत, एक गुडघा उभा करत आणि त्याला टेकवलेल्या फळीवर काम करत. शेजारी रंगाच्या शिंपल्या, पाण्याचं भांडं, संपलं. इतकी नाजूक रेषा त्या बैठकीतून उतरली. तुला जमिनीवर बसायची सवय आहे, तिचा उपयोग कर. एक चटई, एक चौरंग आणि एक फळी. बारा मिलिमीटरचं प्लायवूड, अंदाजे २४ बाय ३२ इंचांचं कापून घे, म्हणजे इम्पीरियल आकाराचा २२ बाय ३० इंचांचा पूर्ण कागद त्यावर सगळ्या बाजूंनी चिकटवता येईल. कडा पॉलिशपेपरने घासून घे.

मोठं काम उभं राहून करायचं असेल तर सुताराला सांगून भिंतीवर दोन आडव्या रिपा ठोकून घे, एक कमरेच्या उंचीवर आणि एक गुडघ्याच्या. त्यांवर फळी किंवा कॅनव्हास टेकतो, आणि हे स्वस्त इझलपेक्षा जास्त घट्ट असतं. भिंतीसमोर सात-आठ फूट मोकळे ठेव. चित्र जवळून काढतात पण लांबून पारखतात, आणि मागे सरकायला जागाच नसेल तर बारीकसारीक भरत बसण्याची खोड लागते. समोरच्या खांबावर एक आरसाही टांग. आरशात चित्र उलटं दिसतं आणि डोळ्यांना सवय झालेली चूक लगेच नजरेत येते.

कागदाच्या बाबतीत तर तू नशीबवान आहेस. पुढचं गाव नेपानगर. देशातला पहिला वृत्तपत्री कागदाचा कारखाना तिथे उभा राहिला. उपक्रमाची सुरुवात १९४७ ची, आणि १९५६ मध्ये पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. तुमच्या भोवतालच्या जंगलातली सलई आणि बांबू यांच्यावर तो कागद निघायचा. मधे उत्पादन थांबलं होतं, २०२२ मध्ये नव्या यंत्रांनिशी कारखाना पुन्हा सुरू झाला. असा वृत्तपत्री कागद सरावासाठी मुबलक वापर. कोळशाने, पेन्सिलीने, जाड ब्रशने, न घाबरता, ढिगाने. स्वस्त कागदावर हात मोकळा होतो. पण त्या कागदाचा स्वभाव ओळखून राहा. त्याच्या लगद्यात लाकडातला लिग्निन तसाच राहतो, म्हणून तो उन्हाने आणि हवेने पिवळा पडतो, ठिसूळ होतो. पूर्ण झालेलं जलरंगातलं चित्र अशा कागदात गुंडाळून कधी ठेवू नकोस, त्याचं आम्ल चांगल्या कागदालाही डागाळतं. ठेवायच्या चित्रासाठी ३०० ग्रॅमचा सुती कागद घे, महिन्याला दोनच घे, पण तोच घे.

कॅनव्हास तयार विकत घेण्याऐवजी घरी ताणायला शीक. बुऱ्हाणपूरचं जाडसर मांजरपाट, सुताराकडून चौकट, मग सरसाचा हात आणि वर खडूची भुकटी कालवलेला अस्तराचा थर. पहिले एक-दोन बिघडतील. त्यानंतर तुझ्या बोटांना कापडाचा ताण कळेल, आणि तो कळलेला माणूस रंगही वेगळ्या तऱ्हेने लावतो. कागद चिकटवायला खळ करशील तेव्हा तिच्यात चिमूटभर मोरचूद घाल. आपले जिल्दसाज ते घालत आले आहेत, कारण नुसत्या खळीवर कसर आणि झुरळं तुटून पडतात. मोरचूद विषारी आहे, त्या भांड्यात पुन्हा काही शिजवायचं नाही.

तैलरंगांबद्दल तू उत्साहाने लिहिलंस. त्यांना माझा विरोध नाही, पण इथे थोडा कडक बोलतो. टर्पेंटाइनची वाफ डोकं धरते आणि पेट घेते, म्हणून पडवी बंद करून काम करायचं नाही आणि स्वयंपाकघराच्या दाराजवळ बाटली ठेवायची नाही. जवसाचं तेल पुसलेली चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकलीस तर ती आपोआप तापून पेटू शकते. तेल सुकताना उष्णता बाहेर पडते आणि गोळा झालेल्या चिंधीत ती कोंडते. तुमच्याकडच्या मे महिन्यात तर विचारायलाच नको. चिंध्या झाकणाच्या डब्यात, पाणी भरून ठेव. काही पांढऱ्या, पिवळ्या, लाल रंगांत शिसं किंवा कॅडमियम असतं, म्हणून ब्रशचं टोक ओठांनी जुळवायची सवय मोड. तुझ्या घरी शेजारची लहान मुलं सारखी येतात. रंगाच्या पाण्यासाठी प्यायचा पेला कधीही वापरू नकोस. माझं ऐकशील तर पहिलं वर्ष जलरंग, शाई आणि कोळसा यांतच काढ.

पावसाळ्याची तयारी आत्ताच करून ठेव. चित्रं बाहेरच्या भिंतीला टेकवू नकोस, ओल तिथूनच येते. विटांवर फळी टाकून जमीन वीतभर सोडवून घे. कॅनव्हास उभे ठेव, तोंडाला तोंड लावून. कागद आडवे. जुनं लाकडी कपाट मिळालं तर आधी वाळवी तपास.

तू विचारतेस, पुढेमागे इंदूरला खोली घ्यावी का, चांदनीत राहून काय होणार? भूरीबाईंचं उदाहरण तुझ्याच राज्यातलं आहे. झाबुआकडच्या भिल्ल घरातल्या. भोपाळला भारत भवन बांधलं जात होतं तेव्हा त्या तिथे मजुरी करत होत्या. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी त्यांच्या हातात कागद आणि रंग दिले, आणि घराच्या भिंतीवरचं चित्र कागदावर आलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांना चित्र कुणी शहरात शिकवलं नव्हतं, ते घरूनच आलं होतं. भोपाळला त्यांची चित्रं पाहायला मात्र नक्की जा.

आणि इंदूरचंच म्हणशील तर विष्णू चिंचाळकर आठव. १९१७ चा जन्म, २००० साली गेले. सगळा माळवा त्यांना गुरुजी म्हणायचा. इंदूरला १९२७ मध्ये चित्रकार देवळालीकरांनी चित्रशाळा सुरू केली, चित्रकार बेंद्रे तिथलेच, आणि चिंचाळकरही देवळालीकरांचे विद्यार्थी. उत्तम व्यक्तिचित्रं काढणारा हा माणूस पुढे वाळकी पानं, झाडांच्या साली, फुटक्या वस्तू गोळा करू लागला. लोक ज्याला कचरा म्हणत त्यातून त्यांना चेहरे दिसायचे, पक्षी दिसायचे. मला त्यांच्यात सगळ्यात मोलाचं हे वाटतं की त्यांची चित्रशाळा कुठे संपते आणि जगणं कुठे सुरू होतं, ते वेगळं काढताच येत नव्हतं. तुझ्या पडवीत एक रिकामी फळी अशा गोष्टींसाठी ठेव. सलईची सुटलेली साल, सागाचं जाळी पडलेलं पान, केळीच्या सोपटातला धागा. बुऱ्हाणपूरला जाशील तेव्हा शाही किल्ल्यातल्या हमामखान्याचं छत मान वर करून नीट बघ, तिथले रंग अजून टिकून आहेत. घरी येऊन त्यांच्या छटा कालवून पाहा आणि कागदाची पट्टी त्याच फळीवर लाव.

वेळेबद्दल एकच सांगतो. रोजचा तास ठरव आणि घरात जाहीर कर. तुमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी रंग ताटलीतच वाळतो, म्हणून सकाळ धर. त्या तासात चित्र सुचलं नाही तर ब्रश धू, कागद काप, कालच्या चित्रासमोर बसून राहा, पण जागा सोडू नकोस. घरच्यांनी हाक मारली तर येते म्हण आणि तास संपल्यावर जा. पहिले काही दिवस त्यांना खटकेल. तू स्वतः त्या तासाचा मान ठेवलास तर तेही ठेवतील. त्याच तासात तू फोन पाहत बसलेली दिसलीस तर तुझी बाजू मलाही घेता येणार नाही.

तर आत्ता फळी, चटई, पांढरं कापड आणि वृत्तपत्री कागद एवढंच आण. इझल, टेबल, महागडे रंग महिनाभर थांबू दे. त्या महिन्यात एका वहीत रोज सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी पडवीत ऊन कुठवर येतं त्याची रेषा काढ, सावल्यांसकट. ती वही मला पाठव. ती पाहून बाकीची खरेदी कोणत्या क्रमाने करायची ते कळवीन, आणि पहिल्या दहा सुती कागदांचे पैसे माझ्याकडून.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा